बाराशे एक डॉलर

पलंगावर शंभर डॉलरच्या नऊ नोटा होत्या आणि एक डॉलरची एक. दहाही नोटांवर मधोमध पिवळा डाग होता. त्यांच्या उजवीकडे सत्तावीस लाख चाळीस हजार रुपिया, म्हणजे आपले साधारण पंधरा हजार रुपये. डावीकडे एक कार्ड, ज्यात आठशे डॉलर होते आणि जे सोमवारपासून बंद पडलं होतं. भारतातल्या पाचशेच्या दोन नोटा, ज्या इथे कुणी घेत नव्हतं. माझी वही, पेन्सिल आणि स्टीलची सहा इंची पट्टी. बुधवार, २५ जानेवारी २०१२, दुपारचे दोन. गाव योग्यकार्ता, बेट जावा, देश इंडोनेशिया.

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मला ऐंशी लाख रुपिया भरायचे होते. ज्वालामुखीतून निघणाऱ्या वायूंचं पृथक्करण शिकवणारं चार महिन्यांचं प्रशिक्षण होतं आणि जागा फक्त सहा. कार्ड बंद पडल्यामुळे मी सोमवारची मुदत शुक्रवारपर्यंत वाढवून घेतली होती. कचेरीतल्या बाईंनी हसतमुखानं सांगितलं होतं, की यापुढे नाही. प्रतीक्षायादीतला मुलगा रोज फोन करतोय.

"नाही म्हणाले?" दारातून आवाज आला.

घरमालकीण वार्नी. तिकडे वडीलधाऱ्या बाईला 'बू' म्हणतात, आई या अर्थानं, म्हणून मी त्यांना बू वार्नी म्हणायची. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सदा ओल्या हातांच्या. त्यांना इंग्रजी जेवढं येत होतं तेवढंच मला इंडोनेशियन येत होतं, म्हणजे नावं आणि आकडे. उरलेलं आम्ही हातवाऱ्यांनी भागवायचो.

"तीन घेतल्या. नऊ परत दिल्या."

"का?"

मी डागावर बोट ठेवलं. त्यांनी पदरासारख्या सोडलेल्या फडक्याला हात पुसले, एक नोट उचलली आणि सरळ नाकाशी नेली.

"कुन्यित!" त्या ओरडल्या आणि पलंगाच्या कडेवर बसून हसायलाच लागल्या.

कुन्यित म्हणजे हळद. त्या रोज सकाळी हळद आणि चिंच उकळून त्याचं पेय बाटल्यांत भरायच्या आणि गल्लीत विकायच्या. हा वास त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"तुझ्या देशात पैसे शिजवतात?"

"माझ्या वडिलांनी लावली," मी म्हटलं. ते वाक्य म्हणताना मला किती राग आला होता, ते अजून आठवतं.

सकाळी पैसे बदलण्याच्या दुकानात काचेमागे माझ्याच वयाची एक मुलगी बसली होती. तिच्यासमोर भिंगाचा दिवा होता. तिनं एकेक नोट दिव्याखाली धरली, उलटली, आणि दोन ढीग केले. एका ढिगात तीन, दुसऱ्यात नऊ.

"नोटा खऱ्या आहेत," मी म्हटलं.

"खऱ्या आहेत, मिस. पण स्वच्छ नाहीत. डाग असलेली नोट आमच्याकडून पुढे कुणी घेत नाही."

"अगदी थोडा डाग आहे. ही बघा, दोन मिलिमीटर."

"हो, मिस," ती म्हणाली. "दोन मिलिमीटर डाग आहे."

आणखी दोन दुकानं फिरले. तिथेही ढीग तेच झाले. तीन आणि नऊ.

पैसे कसे न्यायचे यावर आमच्या सांगलीच्या घरात तीन आठवडे वाद झाला होता. माझी एम.एस्सी. रसायनशास्त्रातली, निकाल लागून सहा महिने झालेले, आणि घरातून परदेशात जाणारी मी पहिलीच. एकूण दोन हजार डॉलर न्यायचे होते. अप्पांनी त्यासाठी एक ठेव मोडली होती. माझं म्हणणं, सगळे कार्डावर भरायचे. अप्पांचं म्हणणं, सगळे रोख.

अप्पा मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. तीस वर्षं हळदीचे सौदे लिहीत आलेले. हळकुंड हातात घेऊन कानाशी मोडायचे आणि आवाजावरून सांगायचे, माल किती वाळलाय. कुठलाही सुटा कागद हाती आला, की त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख आणि तो कुठं मिळाला ते लिहायची त्यांना सवय होती. आई म्हणायची, या माणसाला वाटेत देव भेटला, तर त्याच्याही कपाळावर तारीख टाकतील.

"पैसे असतात कुठं त्या कार्डात?" अप्पांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"बँकेत असतात. कार्ड ही नुसती किल्ली, अप्पा."

"आणि किल्ली मोडली तर?"

"मोडत नाही. आणि तुमच्या नोटा चोरीला गेल्या तर?"

"त्या पोटाशी बांधायच्या. पोट कोण चोरतंय गं?"

मी एक तक्ता केला. रोख चोरीला जाण्याची शक्यता तीन टक्के, कार्ड हरवण्याची एक टक्का, हरवलेलं कार्ड बंद करता येण्याची नव्व्याण्णव. अप्पांनी चष्मा लावून तो नीट वाचला.

"ही तीन टक्के कुणी मोजली?"

"अंदाज आहे."

"मग तसं लिही की. अंदाजाला आकडा लावला की तो उगीच खरा वाटायला लागतो."

कोल्हापुरात डॉलर विकणाऱ्याकडे आम्ही ट्रॅव्हलर्स चेकची चौकशी केली. तो म्हणाला, ताई, ते आता माझे आजोबासुद्धा नेणार नाहीत. म्हणजे उरले दोनच मार्ग, आणि आम्ही दोघंही ऐकायला तयार नव्हतो.

शेवटी एका रविवारी अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या मनगटावर टाकला. जुन्या काळी यार्डात सौदा असाच व्हायचा. घेणारा आणि विकणारा टॉवेलखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे, म्हणजे बाजूच्याला कळू नये. लहानपणी सहलीचे पैसेसुद्धा मी त्यांच्याकडून असेच मागून घेतलेले. त्यांनी माझा पंजा तीनदा दाबला. पाच, पाच, पाच. पंधराशे रोख. मी त्यांचा पंजा एकदा दाबला. पाचशे. त्यांनी नुसतं डोकं हलवलं आणि पंजा दोनदा, वर चार बोटं. मी पंजा एकदा आणि तीन बोटं.

"झालं का तुमचं?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "भाकरी गार होतीय. पोरगी निघालीय का पोतं निघालंय?"

बाराशे रोख आणि आठशे कार्डावर, असा सौदा पटला. अप्पांनी टॉवेल झटकला आणि खूश होऊन जेवायला बसले. मीही खूश होते. आपणच जिंकलो असं दोघांनाही वाटत होतं.

२१ जानेवारीला सकाळी त्यांनी मला पाकीट दिलं. "मोज."

मी मोजल्या. शंभराच्या बारा, कोऱ्या करकरीत. सगळ्यांच्या वर चार घड्या घातलेला बटर पेपर, आणि त्यात एक डॉलरची एक नोट. तिच्या मधोमध हळदीचं ओलं बोट टेकवलेलं.

"ही कुठून आणली?"

"निर्यातवाल्या शेठकडून मागून घेतली. शून्यावर संपणारी रक्कम घरातून बाहेर काढू नये. बाराशे एक झाले आता."

आमच्याकडे नवी वही, नवी पिशवी, नवी चप्पल, काहीही हळदीचं बोट लागल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. मला ते ठाऊक होतं. 

"कुंकू राहिलं की," आई म्हणाली.

"बाजारच्या कुंकवात रंग असतो. लागला की सुटत नाही. ही आपली राजापुरी हळद आहे, खात्रीची." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे असंच वर राहू दे हं. कागदासकट."

"हो हो," मी म्हटलं, आणि ते रिक्षा बघायला गेले.

आईनं जुन्या ब्लाउजपीसचा एक कप्पा शिवून दिला होता, नाडीनं पोटाला बांधायचा. त्यात सगळं घातलं तर कागदाच्या घड्यांमुळे बटण लागेना. मी बटर पेपर काढून टेबलावर ठेवला. हळद एव्हाना वाळली होती, बोटाला लागत नव्हती. तरी माझा कुडता पांढरा होता, म्हणून मी डॉलरची ती नोट वर न ठेवता बरोबर मध्ये सरकवली. सहा नोटा वर, सहा खाली. कागदावर आकृती काढली असती तरी सर्वांत सुरक्षित जागा तीच निघाली असती.

तो कप्पा माझ्या पोटाशी सदतीस तास होता. सांगली ते मुंबई बसमध्ये, मग तीन विमानं. जाकार्ताला तिसरं विमान गाठायला मी पाठीवर चौदा किलो घेऊन एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीपर्यंत धावले. पोचले तेव्हा नाडीसुद्धा घामानं भिजून गेली होती. कप्पा सोडून मी तसाच बॅगेत ठेवला, उघडला नाही. कार्ड होतं ना.

कार्डाचं झालं ते माझ्यामुळेच. तिथल्या यंत्रानं सहा आकडी पिन मागितला. माझा पिन चार आकडी. मी विचार केला, की उरलेल्या दोन जागी शून्यं असणार. आधी मागे दोन शून्यं लावून पाहिली. मग पुढे. मग एक पुढे, एक मागे. तीन प्रयोग झाल्यावर यंत्रानं कार्ड परत दिलं आणि पुढे ते कुठेच चाललं नाही. नुसते चार आकडे दाबून हिरवं बटण दाबलं असतं तरी चाललं असतं, हे मला कचेरीतल्या बाईंनी नंतर सांगितलं. बँकेला मेल केली. उत्तर आलं, सहीचा अर्ज शाखेत द्यावा, कामाचे आठ दिवस लागतील.

तर बुधवारी दुपारी दोन वाजता माझ्याकडे नऊ नोटा होत्या आणि त्यांतल्या किमान सहा मला चालवायच्या होत्या.

बू वार्नी हसून झाल्यावर चहा आणायला गेल्या. मी न्हाणीघरात गेले, सर्वांत गडद डागाची नोट घेतली आणि कोपऱ्यातल्या साबणाच्या वडीवर ओलं बोट फिरवून डागावर घासलं.

डाग लाल झाला. पिवळ्याचा विटकरी नव्हे, लाल.

मी हात पुसले. मग फोन घेतला. सांगलीत तेव्हा साडेबारा वाजले होते. पलीकडून सौद्याचा आवाज येत होता, कुणीतरी भाव पुकारत होतं.

"अनू? बोल बाळ. जरा मोठ्यानं बोल, इथं गलका आहे."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हळद लावायला?"

"काय झालं?"

"काय झालं? नोटांना डाग पडलेत! नऊ नोटा घेत नाहीत इथे कुणी. परवा बारापर्यंत पैसे भरले नाहीत तर मला परत यावं लागेल. अप्पा, ही काय चोपडी आहे का पुजायला? मी सांगत होते, सगळे कार्डावर भरू म्हणून. तुमच्या एका बोटापायी माझं सगळं चाललंय."

 मागे भाव पुकारणारा थांबला. मग त्यांचा आवाज जवळून आला, बहुतेक ते दुकानाच्या आतल्या खोलीत गेले असावेत.

"सगळ्या नोटांना लागलीय?"

"तीन सोडून सगळ्या!"

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"चुकलं बघ माझं," अप्पा म्हणाले.

मला वाटलं होतं ते वाद घालतील. मी त्याच तयारीत होते.

"काही लावलंस का त्याला?"

"एका नोटेला साबण लावला."

"आणि लाल झाली."

"हो."

"अगं, हळदीला साबण लावतात का? लग्नाघरच्या बायकांना विचार. एमेस्सीला शिकवत नाहीत होय हे?"

शिकवतात. सातवीतच शिकवतात. हळद अल्कात लाल होते, आम्लात पुन्हा पिवळी. परीक्षेला दोन मार्कांना यायचं.

"लिंबू मिळतंय तिथं?"

"मिळतं."

"त्या लालवर लिंबाचा थेंब लाव, पिवळी होईल. मग साध्या पाण्यानं टिपून घे, घासू नको. आणि सगळ्या उन्हात टाक. खरी हळद आहे, रंग घातलेली नाही. उन्हाला टिकत नाही ती. यार्डात एखादं पोतं उन्हाला राहिलं तर वरचा माल फिका पडतो, त्याचा भाव कमी येतो. तीस वर्षं तेच लिहितोय मी. ऊन आहे का तिथं?"

मी खिडकीतून बघितलं. पाऊस पडत होता.

"सकाळी असतं. अकरापर्यंत."

"मग दोन सकाळी आहेत की तुझ्याकडं. फोन ठेव आता, पैसे जातायत तुझे."

गुरुवारी साडेसहाला आम्ही गच्चीवर चढलो. बू वार्नींनी कपडे वाळत घालायच्या जागेवर एक पत्रा ठेवला, त्यावर पांढरं फडकं. मी नोटा ओळीनं मांडल्या, कप्प्यात ज्या क्रमानं होत्या त्याच क्रमानं; क्रमांक बदलून गेलेल्या पहिल्या, दुसऱ्या आणि बाराव्या नोटा धरूनच. तेवढी शिस्त अंगात मुरलेली होती. वर खिडकीची एक काच. दर अर्ध्या तासानं काच काढून पट्टी लावायची आणि वहीत आकडा लिहायचा. एक डॉलरची नोट मात्र मी वहीच्या पानांत मिटून सावलीत ठेवली. तुलनेसाठी एक नमुना उन्हाबाहेर हवा.

"हिला ऊन नाही?" बू वार्नींनी विचारलं.

"हिला नाही. ही जशी आहे तशी राहायला हवी."

त्या समोर बसून छोटे कांदे सोलत होत्या आणि मधूनमधून कोंबडी हाकलत होत्या. एकदा कोंबडी काचेवरच चढली. बू वार्नी तिला जे बोलल्या त्याचा अर्थ विचारला, तर मला म्हणाल्या, लग्न झालं की सांगेन.

"तुझे वडील काय करतात?"

"कुन्यित विकतात," मी म्हटलं. दिवाणजी हा शब्द हातवाऱ्यांनी सांगता येईना.

त्यांनी सुरी खाली ठेवली. "मग त्यांनी घरातली सर्वांत चांगली दिली."

नऊ वाजेपर्यंत तिसऱ्या, चौथ्या आणि अकराव्या नोटेवरचं काही दिसेनासं झालं. साडेदहाला ढग आले. तोपर्यंत वहीचं पान भरलं होतं, आणि खोलीत बसून मी ते स्वच्छ उतरवून काढलं. उन्हात ठेवण्यापूर्वी डाग किती रुंद होता, त्याचा रकाना असा होता: पहिल्या नोटेवर शून्य, दुसरीवर शून्य, तिसरीवर दोन मिलिमीटर, चौथीवर चार, पाचवीवर सात, सहावीवर दहा. मग सातवीवर दहा, आठवीवर आठ, नववीवर पाच, दहावीवर तीन, अकरावीवर दोन, बारावीवर शून्य.

मी पेन्सिल खाली ठेवली.

हळद वरून आली असती तर सर्वांत मोठा डाग पहिल्या नोटेवर हवा होता. इथे तो सहावी आणि सातवीवर होता, आणि दोन्ही बाजूंना उतरत गेला होता. सहावी आणि सातवीच्या मध्ये काय होतं, ते मला कुणाला विचारावं लागलं नाही. ते तिथे मीच ठेवलं होतं.

फोन पलंगावर होता. त्यात पंचवीस हजार रुपियांचा बॅलन्स होता, म्हणजे भारतात साधारण सहा मिनिटं. ती उद्यासाठी लागतील असं मी स्वतःला सांगितलं.

शुक्रवारी ऊन सव्वासहालाच आलं. साडेनऊपर्यंत पाचवी, नववी आणि दहावी कोरी झाली. सहावी, सातवी आणि आठवीवर पुसट सावली होती, ठाऊक असलं तरच दिसणारी. साबण आणि मग लिंबू लावलेली ती सातवीच; तिच्यावर कागद जरा फुगला होता. बू वार्नींनी सगळ्या नोटा फडक्याखाली घालून कोमट इस्त्री फिरवली, मग हात धुतले, चांगला ब्लाउज घातला आणि म्हणाल्या, "मी येते."

काचेमागे तीच मुलगी होती. तिनं मला ओळखलं. भिंगाचा दिवा लावला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पाचव्या नोटेपर्यंत तिचा हात थांबला नाही, सहावीला थांबला. ती नवव्या क्रमांकाची होती. आम्हाला गच्चीवर कोरी वाटलेली.

तिनं नोट तिरकी धरली. दिवा जवळ ओढला. घड्याळात दहा वाजून पंचेचाळीस मिनिटं झाली होती, आणि कचेरी रिक्षानं वीस मिनिटांवर होती. मग तिनं ती नाकाशी नेली, थेट बू वार्नींसारखी.

बू वार्नी पुढे झाल्या आणि काचेच्या भोकाशी तोंड नेऊन काहीतरी लांबलचक बोलल्या. मुलगी आधी गंभीर होती, मग हसली, मग माझ्याकडे बघून पुन्हा हसली. ती नोट चांगल्या ढिगात ठेवली. उरलेल्या तीन तिनं बघितल्या, आणि त्यांतली आठवीही घेतली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय सांगितलं तुम्ही?"

"सांगितलं, या मुलीच्या बापानं ती लांब जाते म्हणून पैशाला आशीर्वाद लावलाय. बापाची चूक आहे, पण चांगली चूक आहे."

मी रिक्षाला हात केला. चूक कुणाची ते सांगण्याइतकं इंडोनेशियन मला येत नव्हतं, असं म्हणता येईल.

अकरा वाजून बावीस मिनिटांनी पावती हातात आली. मी कचेरीच्या पायऱ्यांवरूनच घरी फोन केला. पहिल्या घंटीला अप्पांनी उचलला.

"भरले," मी म्हटलं.

"भरले? सगळे?"

"सगळे. वर एक नोट जास्तीची चालली."

"डाग गेला?"

"गेला."

"बघ. म्हटलं नव्हतं, खरी हळद आहे म्हणून." मग मागे आईला ओरडून, "भरले गं तिनं!" मग पुन्हा मला, "जेवलीस का?"

वही माझ्या पिशवीत होती. तो रकाना माझ्या डोळ्यांपुढे होता. मला वाटतं मी म्हटलंही, "अप्पा, ते नोटांचं..."

"असू दे आता," ते म्हणाले. "झालं ना काम? ठेव फोन. पैसे जातायत."

मी फोन ठेवला. पुढचे चार महिने मी विवराच्या कडेला गंधकाच्या वासात बाटल्या भरल्या, आणि नंतर जे काही केलं ते त्या चार महिन्यांमुळेच. कार्ड नवव्या दिवशी सुरू झालं. आठशे डॉलर पुरले. घरी परतल्यावर त्या नोटांची गोष्ट पाहुण्यांना बरेचदा सांगितली गेली, आणि सांगताना अप्पा दरवेळी म्हणायचे, "चूक माझीच, हळदीचा हात लागला." सगळे हसायचे. मीही हसायची. ते वाक्य दुरुस्त करायला दरवेळी तीन-चार सेकंद मिळायचे, आणि ते जायचे.

त्याला आता नऊ वर्षं झाली. गेल्या दिवाळीत मी सांगलीला गेले होते. अप्पा निवृत्त झालेत, दुकानाचा हिशेब दुसरा कुणी लिहितो. त्यांना नळजोडणीची जुनी पावती हवी होती आणि ती कुठल्या साली ठेवली ते आठवत नव्हतं. दुकानातून दरवर्षी मिळणाऱ्या खिशातल्या डायऱ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ओळीनं लावलेल्या होत्या. मी दोन हजार बाराची काढली. ती जानेवारीतच उघडली, कारण तिथे काहीतरी जाड होतं.

चार घड्यांचा बटर पेपर. पिवळट, कडा कुरतडलेल्या. कोपऱ्यात पेन्सिलीनं, दिवाणजींच्या अक्षरात: '२१-१-१२. अनूच्या टेबलावर.'

मी त्यांना फोनवर बोलले होते ती तारीख पंचवीस होती; तेव्हा हा कागद चार दिवस त्यांच्याकडे होता.

"सापडली का?" अप्पांनी बाहेरून विचारलं.

"नाही अजून. अप्पा, हा कागद कसला?"

ते आत आले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बटर पेपर आहे," ते म्हणाले. "बारात नसेल पावती. तेरा सालची बघ."

आणि बाहेर जाऊन बसले. आईला काहीतरी म्हणाले, चहाचं बहुतेक.

माझ्या योग्यकार्ताच्या वह्या वरच्या फळीवर होत्या. २६ जानेवारीच्या पानात एक डॉलरची नोट होती, ज्या दिवशी मिटून ठेवली तशीच. मी कागदाच्या घड्या उलगडल्या, दोन्ही खिडकीजवळ नेलं आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली पट्टी घेतली.

कागदावरचा डाग: लांबी चौदा मिलिमीटर, रुंदी अकरा. नोटेवरचा डाग: लांबी चौदा मिलिमीटर, रुंदी अकरा.